घरबसल्या काम आणि त्याचे दाम

आमच्या सोलापुरातल्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. वय साठीच्या घरातले. सगळा जन्म विड्या वळण्यात गेला. दीड वर्षापूर्वी त्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. आज त्या बसवरची पाटी वाचतात. रेशनची पावती वाचतात आणि आकडा चुकला असेल तर दुकानदाराला तोंडावर सांगतात.

परवा वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, धाकटी सून म्हणते, मोबाईलवर घरबसल्या काम मिळतंय. महिन्याला पंचवीस हजार. पहिल्यांदा फक्त अडीच हजार भरायचे म्हणे. भरू का वो?"

आम्ही म्हणालो, "मावशी, आज भरू नका. उद्या सूनबाईंना घेऊन या. मग बोलू."

लगेच उत्तर का दिले नाही? त्याला कारण आहे. हाच प्रश्न २०२१ साली आम्हाला एका जुन्या विद्यार्थिनीने विचारला होता. तेव्हा आम्ही लगेच उत्तर दिले, आणि ते चुकले. ते पुढे सांगूच. आधी हे काम आहे तरी काय, ते पाहू.

मोबाईलवर किंवा संगणकावर घरबसल्या काम मिळते, ही गोष्ट खरी आहे. हे काम करणाऱ्याला फ्रीलान्सर म्हणतात. शब्द इंग्रजी आहे. लान्स म्हणजे भाला. पगारी सैन्यात न राहता, जो बोलावील त्याच्यासाठी लढणारा भालेकरी, तो फ्री लान्स. वॉल्टर स्कॉट या लेखकाच्या १८१९ सालच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीत हा शब्द आला आणि पुढे कामकऱ्यांनाही लागला.

पण आपल्याला इंग्लंडात जायला नको. मराठी फौजेत घोडेस्वार दोन तऱ्हेचे असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. घोडा मेला तर नुकसान त्याचे. नोकरी करणारा माणूस हा बारगीर समजा. कचेरी, खुर्ची, दिवाबत्ती सगळे मालकाचे. फ्रीलान्सर हा शिलेदार. मोबाईल त्याचा, संगणक त्याचा, विजेचे आणि इंटरनेटचे बिल त्याचे. आजारी पडला तर त्या दिवशीची कमाई नाही. प्रॉव्हिडंट फंड नाही, पेन्शन नाही. आम्हाला दर महिन्याला पेन्शन येते म्हणून आम्ही हे ऐटीत सांगतो असे नव्हे. घरातल्यांनी हे आधी समजून घ्यावे, एवढाच हेतू.

अशा कामाला आपल्याकडे 'उक्ते काम' म्हणतात. गवंडी भिंत उक्ती घेतो, तसे हे. एवढे काम, एवढे दाम. काम कोणते? हाताने लिहिलेली पाने मराठीत टाइप करणे, एका भाषेतले दुसऱ्या भाषेत लिहिणे, दुकानाचे हिशेब लिहिणे, लग्नपत्रिकेची मांडणी, दूरच्या मुलांना पडद्यावरून शिकवणे. आपल्या भाषेतली वाक्ये मोबाईलमध्ये वाचून दाखवण्याचेही काम असते. यंत्रांना भाषा शिकवण्यासाठी ती लागतात. बंगळूरची 'कार्य' नावाची संस्था खेड्यांतल्या लोकांकडून असे काम पैसे देऊन करून घेते.

आता आमच्या चुकीची हकिकत.

त्या मुलीचे अक्षर शाळेत असताना मोत्यासारखे होते. लग्न होऊन ती गावातच राहिली. नवरा यंत्रमागावर कामाला. करोनाच्या साथीत माग बंद पडले. घरात दोन लहान मुले. एके दिवशी ती एक कागद घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "सर, हे इंग्रजीत आहे. जरा वाचून सांगा."

आम्ही चष्मा लावून वाचला. दहा दिवसांत पाचशे फॉर्म भरायचे. त्याचे पैसे मिळतील. आधी अडीच हजार रुपये अनामत, ती काम संपल्यावर परत. खाली करारनामा, स्टॅम्पपेपर, गोल शिक्का, सही. इंग्रजी शुद्ध होते. व्याकरणाची एकही चूक नव्हती. त्याचाच आमच्यावर परिणाम झाला, हे कबूल केले पाहिजे. आम्ही म्हणालो, "कागद पक्का दिसतो. भर."

तिने बचत गटातून कर्ज काढून पैसे भरले. दहा रात्री जागून फॉर्म भरले. फॉर्मचे फोटो मुद्दाम पुसट काढलेले होते. पाच की सहा, कळू नये असे. शेवटच्या दिवशी तर पानच उघडेना. मग फोन आला. तुमच्या कामात चुका फार, शंभरात नव्वद बरोबर हवे होते. तुम्ही करार मोडला, आता दंड भरा. दोन दिवसांनी वकिलाच्या नावाने नोटीस आली. पोलीस घरी येतील अशी धमकीही आली. भिऊन तिने कोणाला न सांगता आणखी चार हजार भरले. तिसरी मागणी आली तेव्हा ती आमच्याकडे आली. एकूण साडेसहा हजार गेले होते.

आम्ही तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार लिहून घेतली गेली. पैसे परत आले नाहीत. निम्मे पैसे आम्ही देऊ केले. तिने घेतले नाहीत. म्हणाली, "सर, वाचून तुम्ही सांगितलंत, पण भरले मी." ते कर्ज तिने वर्षभर फेडले. त्या वर्षात ती रस्त्यात भेटली की आम्हालाच खाली पाहावे लागे.

आम्ही सगळे वाचले, पण पैसे कोणाकडून कोणाकडे जाणार, एवढेच नीट पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी सूनबाईंना घेऊन आल्या, तेव्हा आम्ही त्यांना उलटा प्रश्न विचारला. "मावशी, तुम्ही इतकी वर्षे घरी विड्या वळल्या. पान आणि तंबाखू देताना कारखानदाराने कधी तुमच्याकडून आधी पैसे मागितले काय?"

मावशी हसल्या. "ते का मागतील की? विड्या त्यांना पाहिजेत. हजारी त्यांनी द्यायची. वाईट विड्या काढून टाकतात, त्याचं कापतात. पण आधी भर म्हणून कोण म्हणलं नाही बघा."

सूनबाई गप्प झाल्या. मावशींना अक्षर ओळख झाली दीड वर्षापूर्वी, पण उक्त्या कामाचा हिशेब त्यांना चाळीस वर्षे ठाऊक आहे. २०२१ साली आम्ही त्यांनाच विचारायला हवे होते.

तर काम देण्यासाठी जो पैसे मागतो, त्याच्याकडे काम नसते. नोंदणी म्हणो, अनामत म्हणो, ओळखपत्राचा खर्च म्हणो. आपले पैसे हाच त्याचा धंदा. आणि वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. ती कोणीही पाठवू शकतो. अशी नोटीस आली तर पैसे भरू नयेत. कागद घेऊन पोलीस ठाण्यात जावे किंवा ओळखीच्या वकिलाला दाखवावा. फोनवर किंवा पडद्यावर अटक करण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. 'डिजिटल अरेस्ट' हा शब्द ऐकला की फोन ठेवून द्यावा.

दुसरा एक प्रकार याहून गोड असतो. चित्रफितीला पसंती द्या, हॉटेलला चांगला शेरा द्या, दीडशे रुपये मिळतील. आणि खरेच दीडशे येतात! दुसऱ्या दिवशीही येतात. विश्वास बसला की सांगतात, आता मोठे काम घ्या, हजार भरा, तेराशे मिळतील. मग पाच हजार, मग पन्नास हजार. पडद्यावर आपल्या नावाचा आकडा वाढत जातो, पण तो काढायला गेले की आणखी भरा म्हणतात. गळाला लावलेले गांडूळ मासा खातोच की, पण तेवढेच.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. "तुमचे बँकखाते फक्त वापरायला द्या, महिन्याला भाडे देऊ." देऊ नये. चोरीचे पैसे त्या खात्यातून फिरवतात. पोलीस येतात ते ज्याच्या नावावर खाते आहे त्याच्या दारात.

पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नये. १९३० हा सरकारी क्रमांक आहे. त्यावर ताबडतोब फोन करावा. जितका लवकर कराल, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. उशीर झाला की पैसे दहा खात्यांत विखुरतात. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. पैसे कुठल्या क्रमांकावर पाठवले, किती वाजता, हे कागदावर लिहून ठेवा. आलेले निरोप पुसू नका. एक मात्र पक्के लक्षात असू द्या. आपल्याला पैसे येणार असतील तर पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

बरे, मग खरे काम मिळते कसे? त्याच मुलीचे पुढे काय झाले, ते सांगितले म्हणजे कळेल.

वर्षभराने ती एका छापखान्यात जाऊ लागली. तिथे मराठी टाइप करायला शिकली. मग तिने एक जुना संगणक नऊ हजारांना घेतला. इथे कोणी म्हणेल, हेही पैसे भरणेच झाले! नाही. हा तिचा घोडा आहे. काम मिळाले नाही तरी संगणक घरातच राहतो. घोड्यावर खर्च करणे निराळे आणि काम देणाऱ्याच्या हातात पैसे ठेवणे निराळे.

पण घोडा आहे एवढ्याने कोणी बोलावत नाही. नमुना लागतो. आमच्याकडे शाळेच्या जुन्या हकिकतींची एक वही होती, आमच्याच गिचमिड अक्षरात. तिच्यातली दहा पाने तिने टाइप करून दिली. तो तिचा नमुना. तो घेऊन ती छापखान्यांत, वकिलांकडे, कॉलेजातल्या प्राध्यापकांकडे गेली. परदेशातले गिऱ्हाईक शोधण्याआधी आपल्या गावातले शोधावे, असे आमचे मत आहे. गावात निदान दार ठोठावता येते.

पहिले काम एका निवृत्त प्राध्यापकांचे मिळाले. हाताने लिहिलेली १८० पाने. दर पानाला २० रुपये. म्हणजे ३,६०० रुपये. आकडा ऐकून घरात आनंद झाला. आता हा हिशेब फळ्यावर करू. सुरुवातीला तिला एका पानाला अर्धा तास लागे. तासाला दोन पाने, म्हणजे तासाचे ४० रुपये. १८० पानांना ९० तास. रोज तीन तास बसली तर महिना झाला. पुढे हात बसला, पाव तासात पान होऊ लागले. तेव्हा तासाचे ८० झाले. दर तोच, पण हात सुधारला म्हणून कमाई दुप्पट झाली. महिन्याला पंचवीस हजार असे जाहिरातीत लिहिलेले असते, ते याच रीतीने फळ्यावर मांडून पाहावे. किती पाने, किती तास, किती दिवस?

त्या कामात एक घोटाळाही झाला. तिने सत्तर पाने छापखान्यातल्या सवयीने श्रीलिपीत टाइप केली. प्राध्यापकांच्या मोबाईलवर ती उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसती खिचडी. त्यांना युनिकोड हवे होते, जे कुठल्याही मोबाईलवर दिसते. दोन दिवस दुरुस्तीत गेले, त्याचे पैसे कोण देणार? तेव्हापासून ती काम घेण्याआधी विचारून लिहून ठेवते. अक्षर कुठल्या पद्धतीचे, पाने किती, दर काय, कोणत्या तारखेला द्यायचे, दुरुस्त्या किती वेळा फुकट करायच्या. हे सगळे व्हॉट्सॲपवर एका निरोपात लिहायचे आणि समोरच्याचे 'होय' घ्यायचे. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते.

एका गिऱ्हाइकाने चाळीस पानांचे आठशे रुपये बुडवले. मग तिने रीत बदलली. नव्या माणसाची वीस पाने करायची, पैसे घ्यायचे, मग पुढची वीस. ओळख झालेल्याकडून निम्मे आधी. नव्या माणसाला पैसे मागायला संकोच वाटतो. पण किराणा दुकानदार पुडी हातात देताना पैसे मागतो, त्याला कोणी लोभी म्हणत नाही.

दूरच्या आणि परदेशी कामासाठी मोठे बाजार आहेत. फायव्हर, अपवर्क ही त्यांची नावे. हे मालक नव्हेत, अडते आहेत. शेतकरी कांदा मार्केट यार्डात नेतो, अडत्या गिऱ्हाईक गाठून देतो, आणि आपली अडत घेतो. तसेच इथे. फायव्हरवर पाच डॉलरचे काम केले तर एक डॉलर बाजाराचा, चार आपले. शंभरात वीस! शिवाय डॉलरचे रुपये करताना थोडे कापले जातात. पट्टी हातात येते तेव्हाच खरी किंमत कळते. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांद्याचे सगळे वजा जाता दोन रुपये उरले, ते आपण सगळ्यांनी वाचले. तेव्हा दर सांगण्याआधी वजाबाकी करून घ्यावी.

अडत्याचा एक फायदाही आहे. अपवर्कवर ठरलेल्या रकमेचे काम असेल, तर गिऱ्हाइकाने पैसे आधी बाजाराकडे ठेवावे लागतात. काम दिल्यावर चौदा दिवसांत त्याने काही कळवले नाही, तर पैसे आपोआप आपल्याला मिळतात. पैसे तिथे ठेवले आहेत हे दिसल्याशिवाय कामाला हात लावू नये. "बाहेर बोलू, अडत वाचेल," असे म्हणणारा भेटला तर सावध व्हा. बाहेर गेलात की ती हमी गेली. त्या बाजारात अर्ज करायला 'कनेक्ट' नावाची नाणी लागतात, ती काही विकत घ्यावी लागतात. हा जकातीसारखा खर्च आहे आणि तो जाहीर लिहिलेला असतो. तरी नवख्याने तिथे पहिल्याच महिन्यात पैसे घालू नयेत. जगभरचे लोक त्याच कामासाठी रांगेत असतात. पहिले काम मिळायला महिनेही लागतात.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आता यंत्रही टाइप करते. मोबाईलपुढे बोलले की मराठी अक्षरे उमटतात. भाषांतरही यंत्र करते. त्यामुळे नुसत्या टायपिंगचा भाव उतरला आहे. पण यंत्राला 'दिन' आणि 'दीन' यांत पुष्कळदा घोळ होतो. एक दिवस, दुसरा गरीब. 'सूत' म्हणजे धागा आणि 'सुत' म्हणजे मुलगा. आपल्या सोलापुरात हा फरक कळलाच पाहिजे! आमची विद्यार्थिनी आता मोबाईलला वाचून दाखवते, तो लिहितो, आणि ती चुका काढते. गिऱ्हाईक पैसे देते ते या चुका काढण्याचे. शाळेत शुद्धलेखनासाठी आम्ही तिला उन्हात उभे केले होते, असे ती सांगते. आम्हाला आठवत नाही.

तिची एक वही आहे. डाव्या पानावर आलेले पैसे, उजव्या पानावर वीज, इंटरनेट, दुरुस्ती. बँकखाते तिच्याच नावावर आहे आणि पॅन कार्डही आहे. काही संस्था पैसे देतानाच कर कापतात. तो आपल्या कराहून जास्त कापला गेला असेल तर विवरणपत्र भरून परत मागता येतो. त्यासाठी वही लागते. काही महिने पाच-सहा हजार, काही महिने शून्य. लग्नसराईत पत्रिकांचे काम, परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिकांचे. पावसाळ्यात मंदी.

सासूबाईंसाठी आणि नवऱ्यांसाठी एक सूचना. बाई मोबाईल घेऊन बसली म्हणजे खेळत बसली, असे समजू नका. तिच्या पुढ्यातून दर पाच मिनिटांनी तिला चहाला उठवू नका. विड्यांचे सूप मांडीवर असताना मावशींना कोणी उठवत नव्हते.

हे सगळे मावशींच्या सूनबाईंना दोन संध्याकाळी सांगितले. मग आम्ही विचारले, "सूनबाई, तुम्ही घरात कोणती भाषा बोलता?"

"तेलुगू."

"लिहिता येते?"

"येते की. चौथीपर्यंत तेलुगू शाळेतच होते. पुढं मराठी."

दोन भाषा लिहिता-वाचता येणे हा केवढा घोडा! आणि तो बांधलेला होता घरातच. सोलापुरात तेलुगू बोलणारी हजारो घरे आहेत. दुकानदार, डॉक्टर, पतपेढ्या, सगळ्यांना दोन्ही भाषांत पत्रके लागतात. त्यांना आम्ही आमच्या वाचनमालेतला एक धडा दिला आणि म्हणालो, "हा तेलुगूत लिहून आणा. हा तुमचा नमुना."

अडीच हजार रुपये मावशींच्या डब्यातच आहेत. नमुन्याची दोन पाने झाली आहेत. गिऱ्हाईक अजून मिळालेले नाही, पुढच्या आठवड्यात त्या दोघी एका छापखान्यात जाणार आहेत. तिसऱ्या पानावर सूनबाई 'उक्ते' या शब्दाला अडल्या. मोबाईलने काहीतरी भलतेच सांगितले. मावशी शेजारी बसून पाटीवर गिरवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "गुत्त."

सूनबाईंनी तो शब्द लिहिला.